पंचफुलाबाईची ओळ

सगळ्या शिवारातल्या जुन्या पानवेली उपटून, जाळून झाल्या होत्या. एकच ओळ उभी होती, आणि ती उभी होती प्रणिता येऊलमुळे. जाळण्याचा नियम प्रणितानेच लिहिलेला. त्यामुळे ‘आता तुमचीही काढा’ असं तिला म्हणायला खारपी गावात कोणाचं तोंड उघडत नव्हतं.

गुंफाकाकूचं उघडलं.

“आत ये ना वं,” ती मळ्यातून म्हणाली. “धुऱ्यावर काय उभी राह्यली पाव्हण्यासारखी?”

“इथूनच दिसते, काकू,” प्रणिता बांधावरूनच म्हणाली.

“दिसते तं मंग सांग, काय दिसून राह्यलं तुले.”

गुंफाकाकू ही नात्याने चुलत काकू आणि शेताने शेजारीण. दोन्ही मळ्यांच्या मध्ये नुसता एक पाट. सत्तरीला टेकलेली ती बाई अनवाणी पायांनी वाफ्यात बसली आणि तिने एका कोवळ्या वेलीचं बूड माती सारून उघडं केलं. मातीला टेकलेली जागा काळी पडली होती, पाण्यात राहून कुजलेल्या दोरीसारखी.

“हे तुह्या नव्या वेलीपैकी. पाण्याचा उतार तुह्या मायच्या ओळीकडून इकडं येते. सुधाकर म्हणे, प्रणिता शिकलेली आहे, तिले समजत असनच. म्या म्हटलं, समजाचा हा इषय नाही, बाप्पा.”

सुधाकर म्हणजे काकूचा मुलगा. तो दोन दिवसांपासून प्रणिताला टाळून दुसऱ्या रस्त्याने मळ्यात येत होता, हे तिच्या लक्षात आलं होतं.

“नागपंचमीपर्यंत थांबा, काकू.”

“थांबू. पंचफुलासाठी थांबू.” काकूने माती पुन्हा सारखी केली. “आम्ही थांबू, पोरी. रोगाचं तूच पाहाय.”

*

खारपी सातपुड्याच्या पायथ्याशी. बारी समाजाची वस्ती आणि पानांचाच धंदा. बाहेर ऊन रखरखत असलं तरी शेवरी-पांगाऱ्याच्या सावलीतल्या त्या मळ्यांत हिरवा, ओलसर अंधार असायचा. आत जायचं ते आंघोळ करून, चपला दाराच्या ताटीबाहेर काढून. बाईने महिन्याचे चार दिवस आत पाय ठेवायचा नाही. पानवेल नाजूक, तिला विटाळ सोसत नाही, असं सगळे म्हणत.

या वेलीला बी धरलेलं खारपीत कोणी पाहिलं नव्हतं. कांडं कापायचं, ओल्या मातीत आडवं पुरायचं, फुटलेला कोंब शेवरीवर चढवायचा. वर्षाकाठी वर गेलेली वेल उतरवायची, तिचं वेटोळं करून बुडाशी गाडायचं आणि शेंडा तेवढा मोकळा ठेवायचा. तो पुन्हा चढायला लागतो. कांड्यातून कांडं. शाळेच्या पुस्तकात याला अलैंगिक प्रजनन म्हणतात आणि हायड्रा, बटाटा, पानफुटीच्या सोबत त्याचा एक परिच्छेद असतो. प्रणिताच्या आईला, पंचफुलाबाईला, हा शब्द ठाऊक नव्हता. ती म्हणायची, “आपल्या वेलीले माय नाही, लेक नाही. ते नुसती पुढं चालते.” आणि ते खरंच होतं. शिवारातल्या हजारो वेली म्हणजे एकच झाड होतं, तुकड्यातुकड्यांनी कित्येक पिढ्या जगत आलेलं.

एकच झाड असण्यात एक अडचण होती. बी तयार होतं तेव्हा आधीच्या पिढीच्या जनुकांवर बसलेल्या बऱ्याचशा रासायनिक खुणा पुसल्या जातात. जनुकं तीच राहतात. त्यांतलं कोणतं उघडं ठेवायचं, कोणतं मिटायचं, हे सांगणाऱ्या खुणा जातात. बी कोरी पाटी घेऊन उगवतं. कांड्याच्या नशिबी हे नाही. कांडं म्हणजे जुनीच वेल, दुसऱ्या जागी उभी केलेली. तिने सोसलेला उन्हाळा, थंडी, कीड, सगळं तिच्या पेशींत तसंच पुढे जातं. खारपीच्या वेलीवर या खुणांचे इतके थर चढले होते की बुरशीशी झुंजणारी तिची जनुकं मिटून गेली होती. मग मर रोग यायचा आणि वाफेच्या वाफे आडवे व्हायचे. झाडच एक, तर एकाला जे सोसत नाही ते कोणालाच सोसत नाही.

नागपूरच्या प्रयोगशाळेत प्रणिता आणि तिच्या सोबतच्यांनी यावर आठ वर्षं काम केलं. शेंड्यातल्या मोजक्या पेशी घ्यायच्या, त्यांच्यावरच्या खुणा धुवायच्या आणि त्यांच्यापासून पुन्हा वेल वाढवायची. वेल तीच, पण तिला मागचं काही आठवत नाही. लोकांनी तिला ‘कोरी वेल’ म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं. पहिलं वर्ष मात्र तिला जपावं लागे. झुंजणारी जनुकं पुरती जागी होईपर्यंत ती तान्ह्या लेकरासारखी, जवळच्या कोणाचाही आजार घेणारी. म्हणून नियम झाला होता: शिवारात एकही जुनी वेल ठेवायची नाही, आणि जुन्या मळ्यातली माती किंवा मुळं गावाबाहेर न्यायची नाहीत.

नियम लिहिला तेव्हा आई जिवंत होती. ती फाल्गुनात गेली. मळ्यातली बाकीची जागा तिने आधीच मोकळी करून दिली होती. एवढी एक ओळ मागे राहिली, जिच्यावर ती लग्न होऊन आल्यापासून हात फिरवत होती.

*

खुणा धुवायच्या तर आधी त्या वाचता यायला हव्यात. त्यासाठी प्रयोगशाळेने एक यंत्र बनवलं होतं. ते चालवणारी शाहीन प्रणिताची मैत्रीण, नागपूरची, बोलण्यात कोणाला हार न जाणारी. ती यंत्र घेऊन खारपीला आली आणि पंचफुलाबाईच्या स्वयंपाकघरात, ओट्यावर मिक्सर सरकवून तिने ते मांडलं.

“तुझ्या आईने मला या ओट्याला हात लावू दिला असता का?”

“तिने तुला आधी जेवायला बसवलं असतं. मग हात लावू दिला नसता.”

यंत्रात घालायच्या आधी पेर खलात बारीक वाटावं लागे, आणि तेही ताजं. वेलीपासून तुटलं की काही घटकांत नाजूक खुणा विरायला लागत. गोठवलं तर त्याच आधी जात. म्हणून यंत्र गावात आणावं लागलं. आणि वाचलं ते पेर संपलं. एकदा वाचता येत होतं, दुसऱ्यांदा नाही.

त्या नाजूक खुणांतली सगळ्यांत नाजूक खूण स्पर्शाची. ती त्यांना शोधायची नव्हती, हाती लागली. वेलीचं पेर कोवळं असताना कोणी बोटांत धरलं तर वेलीला ते कळतं. खोड थोडं जाड होतं, वाढ क्षणभर थबकते आणि पेशींत तशी नोंद राहते. वारा लागला तरी कळतं, पण वाऱ्याची खूण वेगळी आणि बोटांची वेगळी. चार-सहा दिवसांत पेर निबर होतं. मग त्याला कितीही हात लावा, ते काही टिपून घेत नाही. चढणारी वेल लव्हाळ्याच्या काडीने शेवरीला बांधत जावं लागतं, पेरागणिक. म्हणजे बांधणाऱ्याचा हात पेरापेरात उतरतो.

प्रणिताला फक्त शेवटचा हिवाळा बघायचा होता. त्या हिवाळ्यात ती दर रविवारी फोन करायची आणि आई म्हणायची, बरी आहे. एवढंच तपासायचं आणि ओळ काढून टाकायची, असं तिने शाहीनला सांगितलं होतं. स्वतःलाही.

पडद्यावर प्रत्येक पेरासाठी एक रेघ उमटायची. हात लागला असेल तर उंच, नसेल तर बुटकी. शेंड्याकडून मागे वाचत जायचं. अगदी अलीकडच्या, आई गेल्यानंतरच्या रेघा सगळ्या बुटक्या. त्यांच्या मागे माघातल्या, त्याही बुटक्या. आई तेव्हा अंथरुणाला खिळली होती. आणि त्या बुटक्या रेघांच्या मधोमध एक उंच.

“यंत्राची चूक?” प्रणिताने विचारलं.

शाहीनने शेजारच्या वेलीचं त्याच दिवसांतलं पेर कापून आणलं, वाटलं, वाचलं. तीही उंच. तिच्या शेजारचीही. आई त्या दिवशी उठून ओळभर फिरली होती.

प्रणिता परसात गेली आणि बऱ्याच वेळाने तोंड धुऊन आत आली. “आणखी थोडं मागे जाऊ,” ती म्हणाली.

*

ती नववीत होती तेव्हाची गोष्ट. पुस्तकात तो परिच्छेद आला होता आणि तिने घरी येऊन चुलीपुढे बसलेल्या आईला तो समजावून सांगितला. वेलीला फूल नाही, फळ नाही, नर-मादीचा संबंध नाही. मग बाईच्या चार दिवसांचं तिला काय कळणार?

“तिले नसन कळत,” आई भाकरी थापत म्हणाली. “मले कळते.”

त्यानंतरच्या महिन्यात, आपल्या चार दिवसांत, प्रणिता कोणाला न सांगता मळ्यात गेली. आईच्या ओळीत, टोकाच्या दोन-तीन वेलींची नवी पेरं तिने नीट बांधली आणि बाहेर आली. विजय मिळवल्यासारखं वाटलं होतं. ते तिने संध्याकाळी आईला सांगितलंही. पुढच्या पंधरवड्यात त्याच वेली बुडापासून काळ्या पडल्या. त्या वर्षी मर रोग आजूबाजूच्या सगळ्याच गावांत होता, हे प्रणिताला कितीतरी नंतर, सरकारी आकडे वाचताना कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की आईने त्या वेली उपटल्या, बाबांनी जाळल्या आणि आई म्हणाली, “पाय ठेवाले दुसरा दिवस भेटला नाही तुले?”

दुसरं काही म्हणाली नाही. तेवढ्यानेच भागलं. दहावीला प्रणिता अमरावतीच्या वसतिगृहात गेली, मग नागपूर. सुटीत यायची तेव्हा मळ्यापर्यंत जायची, पण आत नाही. पायांत चपला घालून धुऱ्यावर उभी राहायची. आई आतून, पानांच्या पलीकडून बोलायची आणि ही बाहेरून. जेवलीस का, गाडी कधीची आहे, असं. पंचवीस-सव्वीस वर्षं दोघी तशाच बोलत आल्या.

*

“मागे गेलं की आता खंड यायला लागतील,” प्रणिताने शाहीनला सांगितलं. “सात-आठ पेरं उंच, मग एक बुटकं. पुन्हा सात-आठ उंच, एक बुटकं.”

“का?”

तिने कारण सांगितलं. आई आपल्या ओळीला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसे. त्या चार दिवसांत निघालेलं कोवळं पेर तसंच राही, आणि ती परत जाईपर्यंत निबर होई.

“म्हणजे तुमच्या वेलीने गावातल्या बायकांच्या तारखा लिहून ठेवल्यात,” शाहीन म्हणाली. “या गावात मी माझा मोबाइलसुद्धा ठेवणार नाही.”

दर वर्षी वेल उतरवतात तेव्हा तिला मोठा धक्का बसतो, त्याची ठळक पट्टी पडद्यावर दिसे. त्यावरून वर्षं ओळखता येत. एकेक वेटोळं हाताने उकरून मोकळं करायचं, त्यातला एक तुकडा वाचायचा आणि खाली जायचं. उकरायला अर्थात शाहीनच आत जाई. प्रणिता धुऱ्यावरून सांगे, तिकडे मुळं आहेत, सांभाळून. शाहीन एकदा म्हणालीही, “तू येत का नाहीस?” तेव्हा प्रणिताने चपलांकडे बघितलं.

आईची साठी गेली, पन्नाशी आली. खंड अजून नव्हते. तिथे ते नसणं साहजिक होतं. पंचेचाळीस. रेघा उंचच, एकीला एक लागून. प्रणिताने पट्ट्या पुन्हा मोजल्या. आई बेचाळीस वर्षांची. चाळीस. खंड नाही.

आणि मग एकाएकी, वेल उतरवल्याच्या एका पट्टीमागे, ते सुरू झाले. सात-आठ उंच, एक बुटकं. अगदी तिने सांगितलं होतं तसे. ती पट्टी होती प्रणिता वसतिगृहात गेली त्या वर्षाची.

तिने पाण्याचा पेला हातात घेतला आणि न पिता ठेवला.

“बाबा,” ती म्हणाली.

“काय बाबा?”

“त्या वर्षापासून ओळ बाबांनी बांधली. ते गेल्यावर तिने पुन्हा घेतली असणार. मधली सगळी वर्षं पुरुषाचा हात आहे.”

“पुरुषाचा कशावरून? यंत्र फक्त हात सांगतं.”

“खंड नाही म्हणून.”

“एवढंच?”

“खारपीत एवढं पुरतं, शाहीन.”

शाहीनला ते पटलं नाही, पण तिला त्यात चूक कुठे आहे हेही दाखवता येईना. प्रणिता पडद्यासमोर बसून राहिली. आईने जिला कोणाला हात लावू दिला नव्हता ती ओळ सोडून दिली होती. आपण तीन वेली बांधल्या म्हणून. इतकी वर्षं पानांच्या पलीकडून बोलणं व्हायचं, तेव्हा आई आत काय करत होती? बाबांच्या हाताखाली लव्हाळं निवडत?

*

नागपंचमी हा बारी लोकांचा मोठा सण. त्या दिवशी मळ्यात पान खुडायचं नाही, माती उकरायची नाही. घरात काही चिरायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. पेर कापणं आपोआपच बंद. शाहीनने यंत्रावर स्वच्छ पंचा टाकला आणि म्हणाली, याचाही उपास.

दुपारी गुंफाकाकू लाह्या-फुटाण्यांची ताटली घेऊन आली. मळ्याच्या कोपऱ्यात नागोबा पुजून झाला होता. तिघी ओसरीवर बसल्या.

“मग, काय म्हणते तुमची मशीन?”

प्रणिता म्हणाली, “काकू, मी शिकायला गेली, मग आईची ओळ बाबा बांधत होते ना?”

काकू लाह्या चघळता चघळता थांबली. “कोण?”

“बाबा.”

“तुहा बाप?” काकू हसायला लागली, इतकी की तिला ठसका लागला. “अवं, त्याले गाठ मारता येत होती काय? लव्हाळं हातात घेतलं का तोडून ठेवे. तुह्या मायनं त्याले अकोल्याच्या बाजारात बसवलं होतं ते काय उगीच?”

“मग कोण बांधत होतं?”

“कोण म्हणजे? तेच, तुही माय. दुसऱ्याले हात लावू देत होती काय ते?”

“रोज?”

काकूने तिच्याकडे बघितलं. मग शाहीनकडे, मग ताटलीकडे. “रोज,” ती म्हणाली.

“चार दिवसांतही?”

“त्याच्यातही.” काकूचा आवाज खाली आला, मळ्यात बोलावं तसा. “म्या पाह्यलं. पह्यल्यांदा म्हटलं, तारीख चुकली असन माही. दुसऱ्या महिन्यात पुन्हा. मंग इचारलं, पंचफुला, काय करून राह्यली वं? तं म्हणे, पोरगी गेली ना. पाहून राह्यलो, काही होते का खरंच.”

शाहीनने फुटाणा उचलला होता, तो तसाच हातात राहिला.

“आणि?”

“आणि काय? पानं लागले, खुडले, इकले. रोगाले यायचं तवा आला, नाही यायचं तवा नाही आला.”

“मला कधी बोलली नाही.”

“म्या म्हटलं होतं, पोरीले फोन कर, सांग. तं म्हणे, फोनवर नाही. आली का आतमंदी उभी करून सांगन, वेल दाखवून. तू आली का धुऱ्यावर. एखाद्या वेळेस आत आली अस्ती तं...” काकूने वाक्य सोडून दिलं आणि ताटलीतल्या लाह्या उगाच एका बाजूला केल्या. “तेही तशीच. तुले आत ये म्हणायले तिची जीभ उचलली नाही. तिले वाटे, ज्या तोंडानं नको म्हटलं त्या तोंडानं ये कसं म्हणू.”

शाहीनने विचारलं, “आणि काकू, तुम्ही?”

“म्या? म्या दोन वर्षं वाट पाह्यली, पंचफुलाच्या ओळीले काही होते का म्हणून. काही झालं नाही. मंग मीही जाऊ लागलो.” ती उठली, लुगडं झटकलं. “सुधाकरले सांगू नका.”

“आणि सुनेला?”

“सुनेले म्या अजूनही बाहेरच बसवतो चार दिवस. तेवढाच आराम भेटते तिले.”

*

दुसऱ्या दिवशी सकाळी शाहीन उकरायला निघाली. रात्रभर तिने हिशेब केला होता. ओळीखाली आणखी वेटोळी जिवंत होती, आणि सगळ्यांत खालचं पंचफुलाबाईच्या लग्नाच्या सुमाराचं.

“तुझ्या लक्षात येतंय ना?” ती चालता चालता म्हणाली. “खंड दिसतायत, आणखी खाली गेलो की ते थांबतील. नऊ महिने. तू पोटात असताना ती रोज गेली असेल, कोणी अडवायचा प्रश्नच नाही. तो सगळा काळ तिथे खाली आहे. मला पंधरा दिवस दे.”

प्रणिताच्या ते पहिल्या दिवसापासून लक्षात होतं. तिने त्याचा मोठ्याने उच्चार केला नव्हता इतकंच. आईचा हात, ती आईच्या आत असतानाचा. तिच्या जन्माआधीचा तिचा एकुलता एक पुरावा, बोटभर जाडीच्या एका खोडात.

धुऱ्यावर येऊन त्या थांबल्या. पाटाच्या पलीकडे सुधाकर वाफ्यात उकिडवा बसला होता. कोपऱ्यातल्या सगळ्या कोऱ्या वेली त्याने उपटून मातीवर ओळीने ठेवल्या होत्या. काल सण होता म्हणून त्याने हात लावला नव्हता. काकूनेही काल लाह्या खाताना यातलं काही सांगितलं नव्हतं. प्रणिताला बघून सुधाकर उठला आणि पलीकडे जायला लागला.

“सुधाकरदादा,” तिने हाक मारली. “कुदळ आण.”

शाहीन म्हणाली, “प्रणिता, पंधरा नको. आठ.”

“आठ दिवसांत त्यांचा अर्धा वाफा जाईल.”

“मग आज जेवढं निघेल तेवढं तरी वाचू.”

“ती रोज जात होती,” प्रणिता म्हणाली. “हे कळलं की मला. तिथे आणखी काय नवीन असणार आहे?”

नव्यासाठी ती ते वाचणार नव्हती हे दोघींनाही माहीत होतं.

प्रणिताने चपला काढल्या. ताटीच्या बाहेर, डाव्या बाजूला, जिथे आईच्या असायच्या. आतली माती गार होती आणि ओली. तिला आठवत होता त्यापेक्षा मळा लहान होता. ओळीच्या टोकापासून सुरुवात करून तिने एकेक वेल शेवरीवरून सोडवली. गाठी आईच्याच होत्या, एक वेढा सैल ठेवून मारलेल्या. वेलीला जाड व्हायला जागा पाहिजे, असं आई म्हणायची. सुधाकर मागून खणत येत होता. सगळ्यांत खालचं वेटोळं वर आलं तेव्हा तो थांबला आणि त्याने ते तिच्या हातात दिलं. पांढऱ्या मुळ्यांनी भरलेलं, जड, अजून ओलं आणि जिवंत. पेरापेरावर तिने अंगठा फिरवला. हाताला काहीच कळत नव्हतं. ते कळायला यंत्र लागतं.

घरी ओट्यावर यंत्र होतं, आणि ते वेटोळं काही घटका तरी जिवंत राहिलं असतं. एक पेर वाचून झालं असतं. कदाचित दोन.

तिने ते ढिगावर ठेवलं. जुन्या ओल्या वेली लवकर पेट घेत नाहीत. गुंफाकाकू वाळलेल्या कडब्याचं सरमाड घेऊन आली आणि तिने ते खाली सारलं. धूर शिवारावर बराच वेळ राहिला.

*

माती तापवून, औषध पाजून, विश्रांती देऊन त्या जागेवर कोरी वेल लागली तेव्हा कार्तिक सुरू झाला होता. लावायला सुधाकर आणि त्याची बायको होती. प्रणिताने महिनाभराची रजा काढली होती. शाहीनने फोनवर चौकशी केली तेव्हा ती म्हणाली, पहिल्या वर्षी जपावं लागतं, नियम आपणच केलाय.

कोंब शेवरीला टेकले त्या दिवशी सकाळी प्रणिताच्या पोटात दुखत होतं. तिने आंघोळ केली, गोळी घेतली आणि मळ्याकडे गेली. गुंफाकाकू आपल्या वाफ्यात होती. पाटापलीकडून तिने प्रणिताचा हात पोटावर गेलेला पाहिला. तिला समजायला तेवढं पुरेसं होतं.

“आज?” तिने विचारलं.

“आज दुसरा दिवस.”

काकूने आपल्या कमरेची लव्हाळ्याची जुडी सोडली, पाण्यात भिजवून मऊ केली आणि पाट ओलांडून तिच्या हातात दिली.

प्रणिता ओळीच्या टोकाला बसली. कोवळं पेर शेवरीला लावलं, काडी मागून घेतली, ओढली. काडी तुटली.

“बापावर गेली,” काकू म्हणाली.

तिने दुसरी काडी घेतली. या वेळी हळू. एक वेढा सैल ठेवला. पेर चिमटीत धरलेलं होतं, पाण्याने भरलेलं आणि इतकं मऊ की आपलं बोट कुठे संपतं ते कळू नये. या वेलीला उन्हाळा ठाऊक नव्हता, थंडी नव्हती, पंचफुलाबाईचा हात नव्हता. तिला अजून काहीच ठाऊक नव्हतं.

गाठ बसली. प्रणिताने अंगठा लगेच काढला नाही.